पर्जन्यसंचयाची तपासणी पावसाळ्यापूर्वी व्हावी

संपादक महाशय,

वैशाख तापू लागला आणि धरणांतील साठ्याचे आकडे आपल्या पत्राच्या पहिल्या पानावर झळकू लागले, की नागरिकांनी घरोघर पर्जन्यजलसंचय करावा असा उपदेश पुण्यात सुरू होतो. आणि मृगाची पहिली सर कोसळताच तो पुढील वैशाखापर्यंत दप्तरात बांधून ठेवला जातो. उपदेशाविषयी माझी तक्रार नाही. तो ज्या नियमाच्या आधारे केला जातो, त्या नियमाच्या अंमलबजावणीविषयी आहे.

2020 च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीने 500 चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडावरील नव्या बांधकामास ही व्यवस्था सक्तीची केली, ती सुस्थितीत राखण्याचे दायित्व मालकावर वा सोसायटीवर टाकले आणि कसूर करणाऱ्यावर वार्षिक आकार बसविण्याचा अधिकारही स्थानिक प्राधिकरणास दिला. तेव्हा नियमात शब्दांची उणीव नाही. परंतु भोगवटा प्रमाणपत्र देतेवेळी पाणी जिरविण्याचा जो खड्डा पाहिला जातो, त्याच्याकडे पुन्हा फिरकण्याचे कारण कोणत्याही अंमलदारास उरत नाही, आणि सदनिकेचा ताबा घेणाऱ्यास तर तो कोठे आहे हेही पुष्कळदा ठाऊक नसते.

आमच्याच इमारतीचे उदाहरण देतो. गच्चीवरून उतरणारा पाइप गळती काढणाऱ्या ठेकेदाराने कधीतरी वीतभर वर कापला, तो पुन्हा जोडला गेलाच नाही. गाळणीच्या चौकोनी टाकीवर एका सभासदाची मोटार कायमची उभी असते. आणि मोठ्या प्रयासाने झाकण उघडले, तेव्हा वाळू-खडीच्या थरांवर चिखलाची अशी साय धरलेली दिसली की पाण्याला खाली उतरायला वाटच नव्हती. कागदोपत्री मात्र आमची व्यवस्था अद्यापि चालू आहे, आणि एप्रिल-मे महिन्यांत टँकरही चालूच असतात.

हिशेब साधा आहे. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. पुण्याचा पाऊस वर्षाकाठी ढोबळमानाने 700 मिलिमीटर धरला, तर 100 चौरस मीटर गच्चीवर 70 हजार लिटर पडते, आणि पाचवा हिस्सा वाया गेला असे मानले तरी 56 हजार, म्हणजे दहा हजारी साडेपाच टँकर, उरतात. लहान घराच्या दृष्टीने हा साठा क्षुद्र नव्हे. तरीही उपनगरांत दोन-तीन गुंठ्यांवर उभी राहणारी असंख्य घरे या सक्तीच्या बाहेरच राहतात, कारण पाच गुंठे जेमतेम 500 चौरस मीटर भरतात. तामिळनाडूने 2003 साली नव्या-जुन्या सर्वच इमारतींना ही सक्ती लावली होती, हे येथे लक्षात घ्यावे.

आपल्या परंपरेत या विषयाचा विचार नव्हता असेही नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गड बांधण्यापूर्वी पाणी पाहावे, एका झऱ्यावर भिस्त ठेवू नये, टाकी खोदून साठा राखावा, अशी ताकीद आहे. त्या काळच्या राज्यकर्त्यांना साठवण महत्त्वाची वाटत असे. आम्हांला मात्र भूगर्भात जिरविणेच सोयीचे वाटते, कारण टाकी बांधण्यापेक्षा खड्डा खणणे बांधकाम व्यावसायिकास स्वस्त पडते. दख्खनच्या बेसाल्टमध्ये पाणी भेगांतून आणि झिजलेल्या थरांतून मुरते. खड्डा अभेद्य पाषाणात पडला तर ते तेथेच तुंबते, आणि गाळणीविना बोअरमध्ये सोडले तर सर्वांच्याच भूजलात घाण उतरते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे मुख्यालय याच शहरात असताना परवानगी देण्यापूर्वी भूस्तराचा अभिप्राय मागू नये, हे मला अनाकलनीय वाटते.

या व्यवस्थांची तपासणी व्हावी म्हटले, तर इतक्या इमारती तपासायला माणसे कोठून आणावयाची, असा प्रश्न महापालिका करील. त्याचे उत्तर आपल्या राज्याच्याच 2006 च्या अग्निप्रतिबंधक कायद्यात आहे: त्यान्वये इमारतीची अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचा परवानाधारकाचा दाखला वर्षातून दोनदा, जानेवारीत व जुलैत, मालकानेच सादर करावयाचा असतो. तो कोठे मनापासून पाळला जातो आणि कोठे केवळ शिक्क्यापुरता, हा प्रश्न निराळा. तथापि भार मालकावर टाकण्याची रीत निर्विवादपणे योग्य आहे. त्याच धर्तीवर गच्ची झाडली, पाइप जोडला, गाळणी धुतली आणि पहिल्या पावसाचे गढूळ पाणी बाहेर सोडण्याची तोटी चालते, असा दाखला दर वर्षी 31 मेपूर्वी परवानाधारक नळ कारागिराकडून घ्यावा. पर्जन्यसंचयासारख्या व्यवस्थेसाठी पुणे महापालिका मिळकतकरात जी पाच टक्के सवलत देते, ती या दाखल्याशी जोडावी, आणि दाखला न आल्यास पुढील देयकात ती आपोआप रद्द व्हावी. आमच्या सोसायटीची सवलत त्यात प्रथम रद्द झाली, तरी माझी हरकत नाही. सभासदांच्या खिशाला झळ लागल्याखेरीज ती मोटार तेथून हलणार नाही.

आपला,
एक मिळकतधारक, पुणे