मौन म्हणजे संस्कार नव्हे

दरवर्षी १ डिसेंबरला जागतिक एड्स दिनाच्या निमित्ताने शाळाशाळांतून प्रभातफेऱ्या निघतात, लाल फिती लावल्या जातात, घोषवाक्यांच्या स्पर्धा होतात. त्यामुळे माध्यमिक शाळेतील मुलामुलींच्या कानी रोगाचे नाव पडते. परंतु नाव ऐकणे म्हणजे ज्ञान होणे नव्हे. एचआयव्ही हा विषाणू आणि त्याने प्रतिकारशक्ती खचल्यावर येणारी अवस्था म्हणजे एड्स, हा भेद त्यांतील कितीजणांना सांगता येईल? डास चावल्याने, एका ताटात जेवल्याने हा विषाणू पसरत नाही; असुरक्षित शरीरसंबंध, दूषित रक्त व सुया, आणि बाधित मातेकडून बालकाला, हे त्याचे मार्ग, हे किती जाणतात?

विद्यार्थ्यांना बोल लावण्यापूर्वी वडीलधाऱ्यांनी स्वतःकडे पाहावे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, १५ ते ४९ या वयोगटात या रोगाची सर्वंकष माहिती असलेल्या स्त्रिया सुमारे २२ टक्के, तर पुरुष सुमारे ३१ टक्के होते. ज्यांनी सांगायचे त्यांचीच ही स्थिती, तर मुलांनी विचारायचे कोणाला?

हा रोग आपल्या समाजाला शिवणार नाही, अशी समजूत एकेकाळी प्रबळ होती. १९८६ साली चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन, माहेरच्या गायतोंडे, आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी केलेल्या रक्ततपासणीने ती मोडली. आज देशातील सर्वाधिक बाधित महाराष्ट्रात आहेत.

तरीही २००७ साली महाराष्ट्रात किशोरावस्था शिक्षणाच्या कार्यक्रमास शाळेत मज्जाव झाला. त्यातील चित्रे व भाषा विद्यार्थ्यांच्या वयाला साजेशी नाहीत, हा आक्षेप होता आणि तो विचारात घेण्याजोगाच होता. परंतु पुस्तक सदोष असेल तर ते सुधारावे; विषयच दाराबाहेर ठेवल्याने मुलांचे कुतूहल थांबत नाही. ते मग भ्रमणध्वनीच्या पडद्याकडे आणि सवंगड्यांच्या कुजबुजीकडे वळते. संयमाचे संस्कार करायचे तर संयम कशासाठी, हेही सांगावेच लागते.

या अज्ञानाची सर्वांत मोठी किंमत मोजतो तो जन्मतःच बाधित असलेला निरपराध विद्यार्थी. शिक्षणसंस्थांत अशा मुलांशी भेदभाव करण्यास २०१७ च्या कायद्याने मनाई केली; २०१८ पासून तो अमलात आहे. शासनाकडून विनामूल्य औषधे २००४ पासून मिळतात आणि नियमित उपचाराने दीर्घायुष्य लाभू शकते. मात्र बाकावरचा शेजारी उठून दूर बसला, तर कायदा काय करणार?

नववीच्या वर्गात, पालकांना विश्वासात घेऊन, मुलामुलींशी स्वतंत्रपणे, स्थानिक डॉक्टरांनी शुद्ध मराठीत दोन तास बोलावे. प्रश्न चिठ्ठीवर, नावाविना घ्यावेत. यासाठी परदेशी पुस्तक लागत नाही, मोठा निधीही लागत नाही. लागते ते थोडे धैर्य. ते शिक्षक व पालकांनी दाखवावे. कारण मौनाला संस्कार म्हणण्याची चैन आता आपल्याला परवडणारी नाही.