पित्त, गांधी आणि महिन्याची सुई

आपल्या भाषेतील काही शब्द परप्रांतात आले की मोठी गंमत करतात. ‘सुनेच्या अंगावर गांधी उठल्या’ असे वाक्य कोणी मराठी गृहिणीने बारडोलीत उच्चारले, तर शेजारची गुजराती भगिनी क्षणभर स्वराज आश्रमाच्या दिशेने पाहील! १९२८ च्या सत्याग्रहाच्या या गावात ‘गांधी उठणे’ याचा अर्थ अगदी निराळा. शेजारीण या विकाराला ‘शीळस’ म्हणते. आपल्या जुन्या वैद्यकग्रंथांतील ‘शीतपित्ता’शी त्या शब्दाचे नाते सहज जाणवते.

गंमत येथेच संपते, कारण आपला दुसरा शब्द दिशाभूल करणारा आहे. आपण ‘पित्त उठले’ म्हणतो आणि त्याच श्वासात घशाशी आंबट येण्यालाही ‘पित्त झाले’ म्हणतो. परिणामी त्वचेच्या विकारावर पोटाचे उपचार सुरू होतात. आमसुलाचे पाणी, गेरूचा लेप, घोंगडीत गुंडाळून निजवणे हे आजीचे उपाय चार दिवसांच्या पित्ताला पुरतात, कारण ते पित्त बहुधा आपणहून जाणारेच असते. पण गांधी सहा आठवडे ओलांडून येतच राहिल्या, तर वैद्यकशास्त्र तो विकार जुनाट मानते. पुरुषांपेक्षा स्त्रियांत तो सुमारे दुप्पट आढळतो.

अशा रुग्णाचे हाल बाहेरच्यांना दिसत नाहीत. एकेक गांध चोवीस तासांच्या आत विरून जाते. म्हणून डॉक्टरांसमोर जावे, तर अंग स्वच्छ! रात्री मात्र खाजेने डोळ्याला डोळा लागत नाही. कधी ओठ सुजतात, कधी पापण्या मिटून जातात. माझ्या परिचयातील एका शिक्षिकेने दोन वर्षांत वांगी, शेंगदाणे, दही, अंडी असे एकेक पदार्थ वर्ज्य केले. शेवटी ताटात भात आणि मुगाचे वरण एवढेच उरले, तरी गांधी उठतच होत्या. त्यात ‘काहीतरी खाल्ले असशील’ हा घरच्यांचा ठपका! वास्तविक या जुनाट विकारात बहुतेकांच्या बाबतीत अन्न हे कारण नसते. तो संसर्गजन्यही नाही. त्वचेतील मास्ट पेशी अकारण चेतवल्या जातात आणि हिस्टामिन नावाचे द्रव्य सोडतात. अनेकदा स्वतःच्याच शरीरातील प्रतिपिंडे त्यांना चेतवतात.

आता सुईकडे वळू. रात्री-अपरात्री दवाखान्यात गेले की पुष्कळदा एक इंजेक्शन मिळते आणि तासाभरात आराम पडतो. त्यात हिस्टामिनला रोखणारे औषध असते, कधी स्टेरॉइडही असते. तातडीच्या प्रसंगी त्याचे मोल आहेच. परंतु वारंवार स्टेरॉइड घेण्याने मधुमेह, रक्तदाब, हाडांचा ठिसूळपणा यांना आमंत्रण मिळते. ‘ती सुई घेतली की बरे वाटते’ म्हणणाऱ्याने त्या सुईत काय होते, हे विचारलेच पाहिजे.

महिन्याची सुई ती निराळी. तिचे नाव ओमालिझुमॅब. तिच्यामागे मोठा इतिहास आहे. १९६६-६७ च्या सुमारास अमेरिकेत इशिझाका या जपानी पतिपत्नींनी आणि स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिक यांनी स्वतंत्रपणे आयजीई हे प्रतिपिंड शोधले. ओमालिझुमॅब त्यालाच पकडून ठेवते, म्हणून मास्ट पेशी शांत होतात. २००३ साली अमेरिकेत ते दम्यासाठी मान्य झाले आणि २०१४ साली जुनाट पित्तासाठी. प्रथम झोप न आणणाऱ्या नव्या गोळ्या, मग डॉक्टरांच्या सल्ल्याने त्यांची मात्रा चौपटीपर्यंत, आणि तरीही गांधी थांबल्या नाहीत तरच ही सुई, असा क्रम आहे. साधारणतः ३०० मिलिग्रॅमची मात्रा दर चार आठवड्यांनी त्वचेखाली टोचतात.

रुग्णांचे अनुभव एकसारखे नाहीत. कोणाला आठवड्याभरात शांत झोप लागते, कोणाला तीन-चार सुया होईपर्यंत धीर धरावा लागतो, तर कोणाला गुण येतच नाही. मोठ्या चाचण्यांत बारा आठवड्यांनंतर शंभरातील सुमारे ३४ ते ४४ रुग्णांच्या गांधी व खाज पूर्ण थांबली. इतर अनेकांचा त्रास कमी झाला. सुई टोचल्यावर काही वेळ दवाखान्यात बसवून ठेवतात, कारण क्वचित तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते. दम्याच्या रुग्णांत तिचे प्रमाण हजारी एक-दोन आढळले आहे.

उपर्युक्त शिक्षिकेला दुसऱ्या सुईनंतर गुण आला. त्या म्हणाल्या, “सर, पहिल्यांदा रात्रभर झोपले, आणि सकाळी रडू आले.” पुढे खर्चापायी त्यांनी सुई थांबवली, तेव्हा काही आठवड्यांत गांधी परतल्या. त्यांना वाटले, औषध फसले. तसे नव्हे. ही सुई रोगाला आवरते, समूळ उपटत नाही. रोग बहुधा काही वर्षांत आपणहून ओसरतो. तोवरचा काळ सुसह्य करणे हे तिचे काम. पुन्हा सुरू केल्यास ती बहुधा पुन्हा गुण देते.

खर्च हाच खरा पेच आहे. मध्यमवर्गीय घरात दरमहा असा खर्च निघाला की मुलांच्या शिक्षणाशी त्याची तुलना होते, आणि बाईच्या खाजेला त्या तुलनेत शेवटचे स्थान मिळते. रुग्णाच्याच रक्तातील रस वेगळा काढून तो आठवड्याला टोचण्याची स्वस्त पद्धतही आपल्या देशात वापरली जाते; पण चाचण्यांचे निष्कर्ष परस्परविरोधी असल्याने तिच्यावर फार भिस्त ठेवू नये. ओमालिझुमॅबच्या तोडीची जैवसदृश औषधे युरोपात २०२४ साली व अमेरिकेत २०२५ साली मान्य झाली आहेत. स्पर्धेने किंमत उतरावी, ही आशा अवाजवी नाही.

वाचकहो, आपल्या घरात कोणी असे खाजवत रात्र काढत असेल, तर त्याच्या ताटातील पदार्थ मोजण्यापूर्वी त्याला सुरतेच्या त्वचारोगतज्ज्ञाकडे न्यावे. गांधी उठलेल्या असतानाच त्यांची छायाचित्रे काढून ठेवावीत आणि त्रासाची रोजची नोंद एका वहीत करावी. जीभ सुजली वा श्वास अडला, तर क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे. आणि ‘नुसते पित्तच तर आहे’ हे वाक्य घरातून हद्दपार करावे. त्याला पैसा लागत नाही.