एका फुलाचे दोन धनी

दिवाळीत पाहुण्यांनी घर भरले की बरे वाटते. पण कोणत्या पाहुण्याला कोणाशेजारी झोपवायचे, हे घरच्या बाईलाच ठाऊक. आमच्या शेजारच्या आप्पांकडे ते सांगायला कोणी उरले नव्हते, म्हणून गेल्या दिवाळीत घोटाळा झाला.

त्यांच्या दिवाणखान्यात चार फुटी काचेची टाकी आहे. खारे पाणी, खडक, थोडी प्रवाळे, मधोमध फुगीर टोकांचे एक समुद्रफूल आणि त्यात नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन विदूषक मासे. २००३ सालच्या 'फाइंडिंग निमो' या चित्रपटाने पोरासोरांना ठाऊक झालेले, तेच हे. जोडी वहिनींनी हौसेने आणलेली. वहिनी गेल्या, जोडी राहिली.

पाडव्याला नातू आजोबांसाठी आणखी एक जोडी घेऊन आला. गडद तांबूस रंगाची, अंगाने थोराड. दुकानदार म्हणाला होता, "दोन्ही विदूषकच की! गुण्यागोविंदाने नांदतील."

चौथ्या दिवशी सकाळी आप्पांची हाक आली, "अहो, जरा येऊन जा. हिच्या माशांचे काही खरे दिसत नाही."

पाहतो तो फुलावर नवी मादी ठाण मांडून बसलेली आणि जुनी जोडी वर नळीच्या कोपऱ्यात, पर फाटलेली.

वाचकहो, 'विदूषक' हे नाव मोठे फसवे आहे. या कुळात राज्य मादीचे. ती सर्वांत मोठी, तिच्या खालोखाल नर आणि मग उमेदवार पोरे. मादी मेली की नराचीच मादी होते व थोरला उमेदवार नर बनतो. पापुआ न्यू गिनीतल्या अशा कुटुंबांवरचे संशोधन २००३ साली प्रसिद्ध झाले. त्यात दिसले की खालच्या पायरीवरचा मासा आपली वाढ आवरून धरतो. वरच्याच्या बरोबरीला आला तर हकालपट्टी ठरलेली! घरच्यांशी ही तऱ्हा, मग परक्याची काय कथा?

त्यातून या तांबूस जातीच्या गालांवर काटे असतात आणि समुद्रात ती नेमक्या याच प्रकारच्या फुलात राहते. म्हणजे नव्या मादीच्या लेखी ते घर तिचेच. समुद्रात हरलेल्याला निदान पळायला वाट असते. टाकीला चारही बाजूंनी काच.

खडकांत लपणारा मासा जाळीने हाती लागत नाही. आम्ही अर्धे पाणी बादल्यांत काढले, खडक उचलले, तेव्हा संध्याकाळी ती जोडी सापडली. ती दुकानात परत गेली. नातू फोनवर रुसला, "आजोबा, माझी भेट परत केलीत?"

"बाळा, ते घर तुझ्या आजीच्या माशांचे आहे," आप्पा एवढेच म्हणाले.

तेव्हा ही हौस असणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे : घरच्या टाकीत एकच जात आणि एकच जोडी. लाल, तांबूस जाती विशेष तापट. दुसरी जोडी हवीच असेल, तर दुसरी टाकी घ्यावी.

जुन्या जोडीचे पर काही आठवड्यांत भरून आले. परवा सहज डोकावलो, तर दोघे फुलाशेजारचा खडक तोंडाने घासून लखलखीत करीत होते. अंडी घालण्यापूर्वी हे मासे असेच करतात. आप्पा खुर्ची ओढून समोर बसले होते. म्हणाले, "बसा. हिची दिवाळीची साफसफाई सुरू झाली आहे."