सृष्टिनिरीक्षण : दोन सुरय

समुद्रपक्ष्यांची ओळख करून घ्यावयाची तर कोंकणचा किनाराच गांठला पाहिजे, असें पुष्कळांस वाटतें. परंतु सुरय ह्या सागरी कुळांतील कांहीं पक्षी गोड्या पाण्यावरच आपला सर्व संसार थाटतात. सावद्याच्या आमच्या वाचकांस तर फार दूर जाण्याचेंही कारण नाहीं. तापी-पूर्णेच्या संगमाखालीं हतनूर येथें १९८२ सालीं धरण पुरें झालें. त्याच्या जलाशयावर नदी-सुरय दृष्टीस पडतो.

ह्याचा धाकटा भाऊ शोभेल असा दुसरा पक्षी म्हणजे काळ्या पोटाचा सुरय. दोघांचेंही अंग वरून राखी, डोक्यावर काळी टोपी आणि शेपूट कात्रीसारखें दुभंगलेलें. पहिला सुमारें ४० सेंटिमीटर लांब, चोंच जाड व पिवळी, पोट पांढरें. दुसरा सुमारें ३३ सेंटिमीटर, चोंच सडपातळ व नारिंगी. विणीच्या दिवसांत त्याचें पोट काळें होतें.

खरी पंचाईत हिंवाळ्यांत होते. तेव्हां काळें पोट पांढुरकें पडतें, दोघांच्याही टोप्या विरळ होतात व चोंचींचीं टोकें काळवंडतात. अशा वेळीं पोटावर भिस्त न ठेवतां चोंचीचा रंग व जाडी पाहावी. शिवाय गालांवर पांढरा पट्टा असलेल्या एका तिसऱ्या सुरयाचें पोटही वसंतांत काळसर होतें. पण त्याची चोंच गडद तांबडी व शेपटीची खांच उथळ असते.

हा भेद निव्वळ कुतूहलाचा नव्हे. दोघेही नदीपात्रांतील उघड्या वाळूंत खळगा करून अंडीं घालतात. धरणाचें पाणी अवचित सुटलें, वाळूचा उपसा झाला किंवा कुत्रीं फिरकलीं कीं सारी वीण बुडते. आंतरराष्ट्रीय निसर्ग-संवर्धन संघाच्या यादींत नदी-सुरय असुरक्षित, तर काळ्या पोटाचा त्याहून बिकट अशा संकटग्रस्त वर्गांत आहे. थायलंड व व्हिएतनाम येथून तो नाहींसा झाला आहे. विपुल पक्ष्याच्या नांवावर दुर्मिळ पक्षी मोजला गेला, तर त्याचें नाहींसें होणें कोणाच्या ध्यानांतही येणार नाहीं.

म्हणून घरांतील मुलांनीं वही घालावी. तारीख, ठिकाण, चोंचीचा रंग व संख्या टिपावी. मात्र उन्हाळ्यांत वाळूच्या बेटांवर पाऊल ठेवूं नये. आईबाप उडाले म्हणजे उन्हानें अंडीं वायां जातात.