रस्ता आमच्या वावरातून, बंदी आम्हालाच



नागपूर–मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. नागपूर–शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. ५ जून २०२५ रोजी इगतपुरी–आमणे हा शेवटचा टप्पा खुला होऊन रस्ता भिवंडीला भिडला. वर्धा, अमरावती, वाशीम, बुलढाणा, जालना असा पऱ्हाटी-ज्वारीचा मुलूख चिरत तो जातो. पण त्या मुलखातल्या ट्रॅक्टरला त्यावर बंदी. मोटारसायकललाही बंदी.

वेगाच्या रस्त्यावर ट्रॅक्टर नको, हे आम्हालाही कळते. मग आमची वाट कोणती? ज्यांच्या वावराचे दोन तुकडे झाले, त्यांच्या जमिनीचा मोबदला मोजला. बैलगाडीला रोज पडणारा फेरा कोणी मोजला? कुंपणालगत बारमाही सेवा रस्ता ही भीक नव्हे, जमिनीच्या किमतीतली बाकी आहे. ती चुकती केल्याशिवाय सरकारने समृद्धीचे नाव घेऊ नये.