प्रार्थना, पगार आणि पांढरं जहाज

'मर्सी शिप्स' या ख्रिस्ती संस्थेच्या हॉस्पिटल जहाजांचा एखादा व्हिडिओ तुम्हीही कधीतरी पाहिला असेल. आफ्रिकेतलं एखादं बंदर, पांढरंशुभ्र जहाज, जबड्यावर नारळाएवढी गाठ घेऊन आलेला माणूस, आणि काही आठवड्यांनी तोच माणूस आरशात स्वतःला बघताना. व्हिडिओ संपला की आपल्याकडे दोनच प्रतिक्रिया ऐकू येतात. एक, "काय देवमाणसं आहेत!" दोन, "हं, पण शेवटी धर्मांतरच ना?"

माझ्या मते दोन्ही आळशी आहेत. या जहाजावर रोजचा दिवस कसा जातो, हे बघायचे कष्ट दोघांनीही घेतलेले नसतात.

तर आधी तो दिवस बघू. संस्था १९७८ची, डॉन आणि डेयॉन स्टीफन्स या जोडप्याने सुरू केलेली. पहिलं जहाज ॲनास्टासिस म्हणजे जुनं इटालियन प्रवासी जहाज. आफ्रिका मर्सी ही मूळची डेन्मार्कची रेल्वे फेरी. ग्लोबल मर्सी मात्र हॉस्पिटल म्हणूनच बांधलेलं: लांबी १७४ मीटर, सहा ऑपरेशन थिएटर, सुमारे २०० खाटा. वीज स्वतःची, पाणी स्वतःचं, लॅब आणि सीटी स्कॅन आतच. ऑपरेशनच्या मध्येच लाईट जायची भीती नाही. ऑपरेशनचे पैसे पेशंटकडून घेत नाहीत.

आता खरी गंमत. इथल्या स्वयंसेवकांना पगार नाही. नर्स असो, सर्जन असो की भटारखान्यात बटाटे सोलणारा, प्रत्येक जण पदरमोड करून येतो. विमानाचं तिकीटही त्याचंच. बऱ्याच जणांचा हा खर्च गावाकडचं चर्च आणि मित्रमंडळी उचलतात. खोल्या छोट्या. आफ्रिका मर्सीवर आंघोळ दोन मिनिटांत उरकायची, पाणी जपायचं म्हणून. वॉर्डात पेशंटचा नातेवाईक पलंगाखालच्या गादीवर झोपतो. शिफ्टच्या सुरुवातीला प्रार्थना, रविवारी वॉर्डात गाणी.

म्हणजे बघा, आपल्या हापिसात जे काम पगार, अप्रेझल आणि नोटीस पीरियड मिळून करतात, ते तिथे श्रद्धा करते. माणसं आणते, त्यांचा खर्च भागवते आणि कंटाळा आला तरी त्यांना टिकवते. गॅरी पार्कर नावाचे अमेरिकन सर्जन १९८७ मध्ये थोड्या काळासाठी म्हणून गेले आणि तीस वर्षांहून जास्त राहिले. लग्नाची बायको जहाजावरच भेटली, मुलं तिथेच वाढली. जहाजावर ज्या गाठी काढतात त्यातल्या कित्येक कॅन्सरच्या नसतात. आपल्या शहरात डेंटिस्टने सुपारीएवढी असतानाच पकडली असती अशी गाठ तिथे वर्षानुवर्षं वाढते, शेवटी खाणं आणि श्वास बंद करते. वर शेजारीपाजारी म्हणतात, हा शाप आहे. श्रद्धा तिथे दोन्ही बाजूंना आहे. एक माणसाला घरात कोंडते, दुसरी त्याला टेबलावर घेते. सरसकट 'श्रद्धा चांगली' किंवा 'श्रद्धा वाईट' म्हणणाऱ्यांनी आधी हे सोडवून दाखवावं.

आमचे विवेकवादी मित्र म्हणतील, हे सगळं देवाशिवायही करता येतं. येतं ना! 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' १९७१ पासून करतेय आणि १९९९ मध्ये तिला शांततेचं नोबेलही मिळालं. पण ती संस्था आपल्या माणसांना मानधन देते. म्हणजे देव काढला की त्या जागी दुसरं काहीतरी बसवावं लागतं. वर्षातून एका शनिवारी कंपनीचा टी-शर्ट घालून झाडं लावणं हे ते 'दुसरं काहीतरी' नव्हे :)

आणि श्रद्धा आहे म्हणून ही माणसं अक्कल गहाण टाकून बसलेली नाहीत. २०१४ मध्ये पश्चिम आफ्रिकेत इबोला पसरला, तेव्हा आफ्रिका मर्सी बेनिनला जायची होती. ती मादागास्करला वळवली. दाटीवाटीचे वॉर्ड आणि मुलाबाळांसकट राहणारे कर्मचारी असलेलं सर्जरीचं जहाज इबोलासाठी नव्हतंच. 'देव बघून घेईल' असं कुणी म्हटलं नाही. इबोलाच्या तंबूंत उतरली ती डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स. दोघांनी आपापलं काम ओळखलं, बस्स.

आता धर्मांतरवाल्यांकडे. २०२२ मध्ये ग्लोबल मर्सी सेनेगलला गेली, २०२३ मध्ये सिएरा लिओनला. दोन्ही मुस्लिमबहुल देश, आणि जहाज गेलं ते तिथल्या सरकारांशी करार करून. उपचार धर्म न विचारता होतात हे संस्थेचं जाहीर धोरण आहे. त्या देशांना आपलं हित कळत नाही आणि आपल्याला पुण्यात बसून कळतं, असं समजायचं का?

पण एक गोष्ट मला खटकते आणि ती गिळून टाकायची माझी तयारी नाही. ज्याला दुसरा कुठलाच दवाखाना परवडत नाही, त्याला नर्सने प्रेमाने विचारलं, "तुमच्यासाठी प्रार्थना करू का?" तो नाही कसं म्हणेल? विचारणारी मनापासून विचारतेय हे मान्य. पण गरजू माणसाच्या 'हो'ला पूर्ण 'हो' धरायचं नसतं. धोरण कागदावर असून भागत नाही, पेशंटला ते त्याच्या भाषेत, आधीच आणि स्वच्छ सांगितलेलं असलं पाहिजे: प्रार्थना नको म्हणालात तरी तुमची तारीख हलणार नाही.

दुसरी गोष्ट याहून मोठी. साधारण दहा महिन्यांनी जहाज दुरुस्तीसाठी निघून जातं. नंतर गाठ आलेल्याने काय करायचं? बाहेरचा कन्सल्टंट येऊन सर्व्हर सुरू करून गेला, पण आपल्या माणसांना काहीच शिकवलं नाही, तर पुढच्या वेळी आपण तिथेच. मिशनचा दवाखाना आपल्यालाही नवा नाही. विल्यम वॉन्लेस मिरजेत आले तेही धर्मप्रचारक डॉक्टर म्हणूनच. त्यांच्या हेतूवर हवं तितकं भांडा. पण ते जमिनीवर राहिले, इथल्या माणसांना शिकवलं, आणि आज मिरज दवाखान्यांचं गाव म्हणून ओळखलं जातं. मर्सी शिप्सही तिथल्या डॉक्टरांना आणि नर्सना शिकवते. माझ्या मते तेच तिचं खरं काम आहे, व्हिडिओत मात्र आरसाच जास्त दिसतो.

तेव्हा पुढच्या वेळी व्हिडिओ आला की हार घालू नका आणि नाकही मुरडू नका. दोन प्रश्न विचारा. प्रार्थनेला नाही म्हणणाऱ्याचं ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं का? आणि जहाज गेल्यावर तेच ऑपरेशन करणारा माणूस त्या बंदरात उरला का? दोन्हींचं उत्तर 'हो' असेल, तर रविवारी त्यांनी कुठलीही गाणी म्हणावीत. आपल्या पोटात दुखायचं काही कारण नाही.