वाळूतला कट्टा

थंडीतल्या वीकेण्डचं मुंबईकराचं गणित फिक्स असतं. शुक्रवारी दुपारी चारला मेसेज फिरतो, 'आज काय सीन?' साडेपाचपर्यंत अकरा जण 'इन' असतात. सातला त्यातले पाच 'डेडलाइन आहे यार' म्हणतात. उरलेले सहा पवईतल्या एखाद्या हॉटेलच्या दारात वेटिंगवर उभे राहतात, आत म्युझिकवरून ओरडून बोलतात, बिल सहांत वाटून घेतात आणि पावणेअकराला कुणीतरी घड्याळ बघतं. संपला वीकेण्ड!

आमच्या कांजूरमार्गच्या कंपूतले चौघं नोकरीसाठी दुबईला गेले आणि त्यांचं हे गणितच बदललं. नोव्हेंबर ते मार्च, जमेल त्या वीकेण्डला संध्याकाळी ही मंडळी वाळवंटात असतात. वाळवंट म्हणजे टूरिस्टांची सफारी नव्हे हं! बेली डान्स नाही, उंटावर बसून फोटो नाही. चार चटया, कोळशाची शेगडी, पाण्याचे कॅन आणि गप्पा. मी दोन हिवाळे त्यांच्याकडे जाऊन हे अनुभवलंय, आणि तेव्हापासून पवईचं वेटिंग मला जरा जास्तच बोअर होतं.

आधी तिथल्या वीकेण्डचा घोळ समजून घ्या. २००६ पर्यंत यूएईत सरकारी सुट्टी गुरुवार-शुक्रवार असायची. मग ती शुक्रवार-शनिवार झाली. जानेवारी २०२२ पासून शनिवार-रविवार, शिवाय सरकारी कचेऱ्यांना शुक्रवारी अर्धा दिवस. म्हणजे वीस वर्षं तिथे राहिलेल्या माणसाने आयुष्यात तीन वेगवेगळे 'रविवार' बघितलेत. वाळवंटाला त्याचं काही नाही. तिथे फक्त ऋतू बघायचा. उन्हाळ्यात पारा सहज ४० च्या वर. हिवाळ्यात मात्र दुपारी २५ च्या आसपास, आणि सूर्य बुडाला की गार! कोरडी वाळू उष्णता खोल जाऊच देत नाही. फक्त वरचा थर तापतो आणि मोकळ्या आभाळाखाली तो भराभर निवतो. आपल्याकडे जानेवारीत 'काय गारठलंय' म्हणून काढलेला तो एकुलता एक स्वेटर तिथे खरोखर लागतो. पहाटे तर चटया दवाने ओल्या होतात.

कुठे जायचं? नवशिक्यांसाठी अल कुद्रा. शहरापासून पाऊण-एक तास, अगदी जवळपर्यंत डांबरी रस्ता, त्यामुळे साधी कारही चालते. तिथे वाळवंटात चक्क तळी आहेत, माणसाने केलेली. आणि तळ्यावर कोण? फ्लेमिंगो! मी हसतच सुटले. कारण आमच्या कांजूरच्या पूर्वेला हायवे ओलांडला की मिठागरं, खारफुटी आणि मग ठाण्याची खाडी. ती खाडी २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाली, २०२२ मध्ये रामसर यादीत गेली. २०२० च्या मेट्रो कारशेडच्या वादामुळे अख्ख्या महाराष्ट्राला आमची मिठागरं माहीत झाली, पण आम्ही कांजूरकर ती लांबूनच बघतो. चार तास विमानात बसून गेल्यावर तेच गुलाबी पाय इतक्या निवांत बघायला मिळाले, याला काय म्हणायचं?

थोडं आत, खऱ्या वाळूत जायचं तर फोर बाय फोर हवी. आणि पहिला फंडा म्हणजे टायरमधली हवा काढायची. रस्त्यावर ३५ पीएसआय असेल तर वाळूत साधारण १५. टायर पसरतो, वजन विभागलं जातं, गाडी रुतत नाही. रुतलीच तर अ‍ॅक्सिलरेटर दाबायचा नाही, चाक आणखी खोल जातं. उतरायचं, फावड्याने वाळू उपसायची, दोर बांधून दुसऱ्या गाडीने ओढायचं. म्हणूनच दुसरा नियम, एकटी गाडी कधीच न्यायची नाही. निघायचं सोबत, परतायचंही सोबत.

तिसरा नियम कचऱ्याचा. कोळसा वाळूवर टाकायचा नाही, शेगडीतच ठेवायचा आणि राखसुद्धा पिशवीत भरून परत आणायची. घाण केली तर दंड आहेच, पण खरं कारण वेगळं आहे. दुबईतल्या पशुवैद्यकीय प्रयोगशाळेने २००८ पासून तपासलेल्या ३० हजार मेलेल्या उंटांपैकी ३०० उंटांच्या पोटात प्लॅस्टिकचे गोळे सापडले. वेफर्सचं पाकीट वाऱ्याने उडालं की आमची वहिनी अंधारात टॉर्च घेऊन त्याच्या मागे धावते, ते उगाच नाही.

मेनू शुद्ध कांजूरमार्ग! शेगडीवर आधी वांगी, मग कणसं, मग मॅरिनेट केलेलं चिकन. घरून डब्यात आलेला ठेचा. वांग्याचं भरीत तिथल्या तिथे कालवायचं, पोळ्यांऐवजी इराणी बेकरीची गरम रोटी. शेवटी थर्मासमधला कडक चहा. गावाकडची हुरडा पार्टी आठवा, फक्त शेताच्या जागी वाळू.

तिथे वाळूत मध्येच एखादं हिरवं झाड उभं असतं. त्याला तिथे गाफ म्हणतात, यूएईचं ते राष्ट्रीय झाड. पण हे झाड म्हणजे आपली शमी! होय, तीच. अज्ञातवासात जाताना पांडवांनी जिच्यावर शस्त्रं ठेवली, दसऱ्याला आपण जिची पूजा करतो, ती. हे कळल्यावर आमचा एक मित्र म्हणाला, 'म्हणजे आम्ही बरोबर जागी बसलोय. आमचाही अज्ञातवासच, फक्त कधी संपणार ते कंपनी ठरवते.'

सगळे हसले. पण जोक नव्हता तो. तिथलं राहणं बहुतेकांसाठी नोकरीला बांधलेलं असतं. नोकरी गेली की व्हिसा जातो, मग ठरावीक मुदतीत दुसरी नोकरी शोधा नाहीतर घर आवरा. २००९ च्या मंदीत कितीतरी जण असेच परतले, २०२० मध्ये पुन्हा. आमच्या चौघांतलाही एक त्या वर्षी परत आला, आईवडिलांच्या वन रूम किचनमध्ये. पहिले काही महिने गप्पगप्पच असायचा. आम्हाला वाटलं पगाराचं दुःख असेल. एकदा गच्चीवर म्हणाला, 'पगार काय, मिळेल पुन्हा. संध्याकाळी सात वाजता कुणी चटई टाकत नाही ना, तेवढंच वाईट वाटतं.'

मला वाटतं, जादू वाळूची नाहीच. तिथे वेटर बिल आणून ठेवत नाही. 'लास्ट लोकल चुकेल' म्हणून कुणी दहाला उठत नाही, कारण गाड्या एकत्रच निघणार. प्रत्येकाने काहीतरी आणलेलं असतं, त्यामुळे ऐनवेळी टांग दिली तर कोळसाच नाही किंवा मीठच नाही अशी पंचाईत! आणि सगळ्यात महत्त्वाचं, समोर बसलेला माणूस पुढच्या हिवाळ्यात असेलच याची खात्री नसते. म्हणून कुणी 'नेक्स्ट वीक पक्का' म्हणत नाही.

आपण मात्र हेच वाक्य वर्षभर म्हणतो. मित्र कुठे पळून जातात, मुलुंडलाच तर आहे, घाटकोपरलाच तर आहे! आणि मग त्याचं लग्न, हिचं ट्रान्स्फर, कुणाचं पुण्याला शिफ्ट होणं. आपले मित्रही व्हिसावरच असतात, फक्त त्यावर तारीख छापलेली नसते.

आता आमच्या सोसायटीच्या गच्चीवर महिन्यातून एक शनिवार ठरलाय. सेक्रेटरी काकांची परवानगी घेतली, अट एकच, दहानंतर आवाज नाही. नियम वाळवंटातलेच आहेत. प्रत्येकाने काहीतरी आणायचं, कचरा सोबत न्यायचा आणि खाली उतरायचं ते सगळ्यांनी एकत्रच. परत आलेल्या त्या मित्राकडे चटयांचं खातं आहे. समोर मिठागरांच्या बाजूला काळोख, मागे लोकलचा आवाज. दुबईची सर नाही, पण गप्पा तेवढ्याच रंगतात.

मुंबईची थंडी फेब्रुवारीत आटपते. तोपर्यंत किती शनिवार हातात आहेत ते कॅलेंडर उघडून मोजा, आणि मोजून झाले की 'आज काय सीन?' असं विचारत बसू नका. सरळ चटई घेऊन जिना चढा, आणि वर पोचल्यावर मेसेज टाका. बघा, येतात की नाही!